मधली भिंत आणि उस्ताजांचं अंगण

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि पालक मंडळाचे प्रमुख आदरणीय शेख अलतोम, एवढ्या उन्हात शिक्षण खात्यातून मुद्दाम आलेले निरीक्षक महोदय, व्यासपीठावर मानाने पण जरा अवघडून बसलेले आपले सत्कारमूर्ती उस्ताज सिदाहमद, मुलांच्या शाळेतले सर्व शिक्षक, मी शिकवते त्या मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका, शामियान्याच्या मागे खाण्याच्या थाळ्यांवर डोळा ठेवून बसलेले विद्यार्थी, आणि माझ्या आयाबहिणींनो, आपणा सर्वांवर शांती असो.

मला चार गौरवाचे शब्द बोलायला सांगितलं आहे. शेख अलतोम यांनी काल निरोप पाठवला की, "सित्त बुथैना, तुमची आणि उस्ताजांची भिंतीला भिंत. तुमच्याएवढं त्यांना कोण ओळखतं?" शेखसाहेब, भिंतीला भिंत नाही. एकच भिंत आहे, दोन घरांत मिळून. सगळा घोळ तिथेच आहे.

आत्ता माझ्याआधी बोलणाऱ्यांनी उस्ताजांना ज्ञानाचा सागर म्हटलं. मी फक्त पाण्यापुरतं बोलते. उस्ताज भूगोल शिकवायचे. या कसब्यातला कुठलाही मुलगा उभा करा आणि विचारा, दोन नद्यांमधल्या आपल्या जझीऱ्याची काळी माती कशी असते? तो डोळे मिटून सांगेल, "पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं." कुणी शिकवलं? उस्ताज सिदाहमद यांनी. फळ्यावर घर काढून, घराखाली माती काढून, मातीत भेगा काढून शिकवलं. आणि शाळा सुटल्यावर हेच गृहस्थ घरी जायचे आणि रोज दुपार कलली की माझ्या भिंतीच्या बुडाशी घागरींनी पाणी ओतलेलं बघत बसायचे. आता सांगा, अशा माणसाचा गौरव कसा करायचा?

हसू नका. ज्यांची घरं गवताची आहेत त्यांनी तर मुळीच हसू नये. माझ्या घरात लाल विटांची पक्की अशी एकच खोली आहे. बाकी सगळं मातीचं, दरवर्षी लिंपायचं. ती एक खोली उभी करताना मी हौसमौज कशाला म्हणतात ते विसरले होते. आणि ती खोली नेमकी या मधल्या भिंतीला टेकलेली.

उस्ताज उत्तरेचे. करीमाच्या बाजूचे. तिकडे वाळू. वाळूत दिवसभर पाणी ओता, ती गिळून गप्प बसते, वर उभं असलेलं घर हू की चू करत नाही. ही तिकडची सवय घेऊन ते आमच्यात राहायला आले, आणि सोबत त्यांच्या पत्नी हाज्जा दारुस्सलाम. अल्लाह त्यांच्यावर दया करो. अंगण शिंपायचं काम त्यांचं. आमच्याकडेही शिंपतात हो, कोण नाही शिंपत? पण आम्ही हाताने चार थेंब उडवतो, धूळ बसण्यापुरते. दारुस्सलाम अंगणाला आंघोळ घालायच्या. शिवाय भिंतीला चिकटून लावलेलं लिंबाचं झाड, त्याला वेगळं पाणी. वर छपराची पन्हळ अशी काढलेली की खरिफातला सगळा पाऊस बरोब्बर भिंतीच्या पायावर पडावा.

परिणाम काय झाला? माझ्या खोलीची फरशी मध्येच उंच झाली. दार अडकायला लागलं. सुताराला बोलावून दार तासलं. उन्हाळ्यात माती आक्रसली, तर दाराखाली एवढी फट की शेजारची मांजरं आत येऊन बाळंत व्हायला लागली. पुढच्या खरिफात पुन्हा अडकलं, पुन्हा तासलं. माझ्या भाचीला मागणी घालायला पाहुणे आले होते, त्या दिवशी तर दार असं बसलं की आत पाहुणे आणि बाहेर मी, हातात सरबताचं तबक. शेवटी मुलाच्या आत्याला खिडकीतून काढावं लागलं. बाई अंगाने चांगल्या भरलेल्या होत्या. तरीही लग्न झालं, हा त्यांचा मोठेपणा.

मी त्याच दिवशी तणतणत पलीकडे गेले. म्हटलं, "उस्ताज, हे थांबवा. माझं घर हलतंय."

उस्ताज पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "शास्त्रीयदृष्ट्या तुमचं बरोबर आहे, बाई. पण अंगण माझं नाही. दारुस्सलामशी बोला."

म्हणून दारुस्सलामशी बोलले. त्या म्हणाल्या, "अगं बुथैना, ओल्या मातीचा वास आल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. उभी का? बस. लिगैमात आत्ताच तळलेत, गरम आहेत."

आता काय करणार? बसले. त्याच ओल्या अंगणात, त्याच भिंतीला पाठ लावून. माझ्या तक्रारीचा दर वेळी असाच चहा व्हायचा.

मध्यंतरी एक अभियंते आले होते, कालव्याच्या कामावरचे. त्यांना मी रस्त्यात गाठून घरी आणलं. त्यांनी दोन्ही बाजूंनी भिंत पाहिली. म्हणाले, पन्हळ लांब करा, पाणी भिंतीपासून दूर पाडा. भिंतीच्या कडेने विटांचा उतार करा. झाड काढा, मुळं ओल ओढून घेतात. आणि मातीला एकसारखं ठेवा, आज पूर आणि उद्या दुष्काळ असं करू नका. भेग पडलीच, तर माती स्थिरावेपर्यंत लिंपू नका. पन्हळ मी माझ्या हिमतीवर लांब करून घेतली. विटांचा उतार उस्ताज "या सुट्टीत करतो" म्हणाले. कुठली सुट्टी ते म्हणाले नाहीत. आणि झाडाला हात लावायला दारुस्सलाम यांनी साफ नकार दिला. "लिंबू तुझ्याच सरबतात पडतं ना गं?" हे त्यांचं उत्तर. निरीक्षक महोदय, अशा लोकांशी वाद घालून माझं अर्धं आयुष्य गेलं आहे.

मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात दारुस्सलाम गेल्या. तुम्ही सगळे आला होतात. चटया उचलल्या गेल्या, पाहुणे परतले, आणि अंगण शिंपणारं कुणी राहिलं नाही. उस्ताज शाळेतून यायचे आणि खाटेवर बसून राहायचे. घागरी उपड्या. लिंबाची पानं गळली. उन्हाळा लागला.

इतकी वर्षं मी ज्यासाठी भांडले तेच झालं होतं. अंगण कोरडं ठणठणीत. आणि माझी भिंत फाटली! इतकी वर्षं पाणी पिऊन फुगलेली माती एकदम उपाशी पडली, ती आक्रसली, पाया खाली बसला. आधी केसाएवढी रेघ. मग बोट जाईल एवढी. मग एके दिवशी मी भिंतीपाशी उभी राहिले तर मला पलीकडे उस्ताज दिसले. खाटेवर, पाठमोरे, नुसते बसलेले. चहासुद्धा नाही.

मला राग आला. खरं सांगते, दया नाही आली, रागच आला. मी त्या भेगेला तोंड लावून ओरडले, "उस्ताज! अंगण कोरडं का?"

त्यांनी चमकून चारी बाजूंना पाहिलं. मग भिंतीकडे आले. म्हणाले, "तुम्हाला कोरडंच हवं होतं ना, बाई? घ्या."

"असं एकदम नको होतं! हळूहळू कमी करायचं असतं. हे तुम्हीच पोरांना शिकवता!"

"मला आता काही शिकवावंसं वाटत नाही."

"नका शिकवू. पाणी घाला. माझी एकच खोली आहे, उस्ताज. दारुस्सलाम गेल्या म्हणून ती त्यांच्या मागोमाग पाठवू नका."

फार कठोर बोलले. मी परत आले आणि कणीक मळायला घेतली. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर भिंतीपलीकडे पाण्याचा आवाज झाला, आणि भेगेतून ओल्या मातीचा वास माझ्या खोलीत आला.

तुम्हाला वाटेल, सगळं सुरळीत झालं. कसलं सुरळीत! या माणसाने आयुष्यात कधी घागर उचलली नव्हती. पहिल्याच दिवशी सगळं पाणी भेगेच्या तोंडाशी ओतलं. माझ्या फरशीवर ओघळ. मी पुन्हा भेगेशी. "अहो, पायाशी नाही! दोन हात सोडून! आणि सगळीकडे सारखं, एका जागी डबकं नको!" तेव्हापासून रोजचं हेच. मी अलीकडून ओरडायचं, त्यांनी पलीकडे शिंपायचं. "डावीकडे राहिलं." "पाहिलं." "पाहिलं तर घाला की." मध्येच ते विचारायचे, आज तुमच्याकडे काय शिजलंय? मी सांगायचे, भेंडीचा मुलाह. मग भिंतीला वळसा घालून मी एक वाडगा नेऊन द्यायचे. माणूस पाणी घालून दमतो, त्याला खायला नको?

आणि विटांचा उतार अखेर झाला. एका सुट्टीत खरंच झाला! लिंबाला पाणी मिळालं तरी ते काही पुन्हा फुटलं नाही. ते झाड त्यांनी स्वतःच्या हाताने काढलं. त्या दिवशी मी भेगेपाशी गेले नाही.

माती हळूहळू वर आली. भेग मिटत गेली. आता पलीकडचं दिसत नाही, आवाज मात्र येतो. गवंडी दोनदा विचारून गेला, लिंपून टाकू का? मी नाही म्हटलं. अभियंते म्हणाले होते, माती पुरती स्थिरावेपर्यंत भेग लिंपायची नाही. मी तज्ज्ञांचं ऐकते, एवढंच.

असं सगळं मार्गी लागलं असताना, दोन शुक्रवारांमागे भेगेतून आवाज आला, "बाई, मी उत्तरेला चाललो. मुलगी बोलावते आहे. घराला कुलूप लावतो."

कुलूप! उन्हाळा तोंडावर आहे, आणि हे अंगणाला कुलूप लावणार. मी विचारलं, मग पाणी? तर म्हणाले, "बघू." एवढंच. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलेला आहे. मी झोपताना भिंतीकडे तोंड करून झोपते. इकडे आमची निरोप समिती सरबताचा रंग ठरवण्यात गुंतलेली. आणि भेट म्हणून आणलं काय? प्रवासाची बॅग. चांगली मोठी. जाणाऱ्याला कुणी थांब म्हणावं, तर हे सामान भरायची सोय करून देतात. आणि ती बॅग द्यायचं काम माझ्याकडे.

द्यायला हवी. देते. या, उस्ताज. टाळ्या नंतर. ही तुमची बॅग, पण मी हात सोडण्याआधी या सभेसमोर एक मागणं आहे. तुमच्या अंगणाची चावी मला द्या. रोज दुपारच्या असरच्या नमाजानंतर मी तिकडे जाईन. पायापासून दोन हात सोडून, सगळीकडे सारखं पाणी घालेन. माझी खोली वाचेल, तुमचं घरही वाचेल. पण मी पलीकडे शिंपत असताना माझी चूक झाली, तर अलीकडून ओरडायला कुणी नसेल, हे तुमच्या लक्षात आलं आहे का? मला मात्र दोन आठवडे दुसरं काही सुचलेलं नाही.

थांबा. उस्ताज खिशात हात घालताहेत. शेखसाहेब, जरा बाजूला व्हा, लोकांना दिसू द्या.

ही चावी. दोरा ओवलेली. गळ्यात घालता येईल अशी. अहो उस्ताज, ही तर आधीच ओवून ठेवलेली आहे! म्हणजे तुम्ही मला द्यायचं कधीच ठरवलं होतंत, आणि दोन आठवडे मला "बघू" म्हणून झुलवत ठेवलंत? काय म्हणालात? मोठ्याने सांगा, सगळ्यांना ऐकू द्या. बरं, मीच सांगते. म्हणतात, "चावी आधी दिली असती, तर तुम्ही भांडायला आला नसता."

मला जरा पाणी द्या कुणीतरी.

असो. अध्यक्षमहाराज, निरीक्षक महोदय, आपण सर्वांनी उन्हात बसून एका भिंतीचं गाऱ्हाणं शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. समितीने मला बोलायची संधी दिली, तिचेही आभार, बॅगेबद्दल मात्र नाही. बोलण्याच्या भरात कुणाला लागेल असं काही निघून गेलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या. खाणं निवतंय, पोरं चुळबुळ करताहेत, त्यांना अडवू नका.

आणि उस्ताज, तुमची गाडी उद्या सकाळची आहे. चावी आज माझ्याकडे असली तरी आजचं पाणी तुम्हीच घालायचं आहे. मी दार उघडून देईन आणि माझ्या बाजूला जाऊन भिंतीशी उभी राहीन. नीट घाला. मी ओरडणार आहे.