ओथाची शिट्टी

ओथा पेटिग्रू हा अमेरिकेतल्या आमच्या गावातला पहिला काळा पोलीस. चर्चमध्ये त्याच्या अंत्यदर्शनाची रांग होती. माझ्या पुढेच त्याची म्हातारी बहीण व्हर्डेल आणि तिची नात उभ्या होत्या.

“आजी, वर्दीत किती रुबाबदार दिसतोय गं!”

“दिसणारच. बटणं मी लावलीत.”

“पणजीला केवढा अभिमान वाटला असेल ना?”

“तिनं कुठं बघितला वर्दीत? काळ्या पोलिसांनी वर्दी घरी न्यायची नाही, असा हुकूम होता. चौकीच्या तळघरात चढवायची, तिथंच उतरवायची.”

“मग ती जायची ना चौकीवर!”

“अंथरुणाला खिळलेली बाई जाणार कशी? रोज विचारायची, ‘ओथा, खरंच पोलीस आहेस ना रे, की थापा मारतोस?’”

“मग?”

“मग गस्तीवर असला की खिडकीखाली येऊन शिट्टी वाजवायचा. तर म्हणायची, ‘शिट्टी काय, कुणीही वाजवतं!’”

“पण नंतर हुकूम बदलला ना?”

“बदलला. ती जाऊन दोन वर्षं झाल्यावर.”

“शिट्टी ठेवलीस त्याच्या खिशात?”

“नाही.”

“का गं?”

“आता कशाला? आईच्या शेजारीच पुरतायत त्याला. आता बघेलच की ती.”