‘येतो’ नावाची खोली

शोभावहिनी, सोनल, भन्तेजी, आणि मनोहरभाऊंसाठी आज इथे जमलेल्या सगळ्या माणसांनो,

मला बोलायची सवय आहे. अमरावतीच्या कॉलेजात जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं. शेवटच्या बाकावरच्या पोरांनाही ऐकू जाईल असा आवाज आहे माझा. पण आत्ता भन्तेजींनी वंदना घेतली, नंतर माझं नाव पुकारलं, आणि खुर्चीवरून उठताना वाटलं, परत बसावं.

तुमच्यातल्या बहुतेकांनी मला आज पहिल्यांदा पाहिलं. मघाशी दाराशी चपला काढत होते, तर एका काकूंनी विचारलं, “तुमी भाऊंच्या कोन?” मला सांगता येईना. नातेवाईक नाही. शेजारीण नाही. एका ऑफिसात कधी बसलो नाही. ते मूर्तिजापूरचे, नोकरीला अकोल्यात, रोजचं अपडाऊन. मी अमरावतीत, एकटी. समोरासमोर तर बोटांवर मोजण्याइतक्या वेळा भेटलो असू. काकू, आत्ता सांगते. आम्ही दोघं एका मशीनवर होतो. एवढंच नातं होतं. पण होतं.

भाऊ अकोल्यातल्या एका कॉलेजची मोठी मशीन सांभाळायचे. मोठी म्हणजे फार काही नाही, कपाटाएवढं खोकं. तिच्यात लिनक्स नावाची प्रणाली होती, आणि ती कधी बंद होत नसे. मी निवृत्त झाल्यावर एक खूळ डोक्यात घेतलं होतं. आपल्या वऱ्हाडातल्या पावसाच्या जुन्या आकड्यांवरून पेरणीचा हंगाम कसा सरकत गेला ते काढायचं. माझ्या घरच्या कॉम्प्युटरला ते झेपेना. कॉलेजातल्या ओळखीतून मी भाऊंना गाठलं, आणि त्यांनी मला अकोल्याच्या मशीनमध्ये घरबसल्या शिरायची वाट करून दिली. मी अमरावतीत टाइप करायचं, तिथे अकोल्यात काम चालायचं. एकेक गणित दिवसच्या दिवस चालायचं.

आता तुम्हाला आपल्याकडची गोष्ट काय सांगू? पुण्यामुंबईत लाईट जाते. आपल्याकडे लाईन जाते. लाईन गेली की माझ्या घरचं इंटरनेट गेलं, इंटरनेट गेलं की अकोल्याशी तार तुटली, आणि तार तुटली की तिकडे चाललेलं माझं गणितही मेलं. अर्धवट. परत पहिल्यापासून. एकदा झालं, दोनदा झालं, मग मी फोन उचलला. मी चिडले की कशी चिडते हे माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. म्हटलं, “भाऊ, तुमची मशीन बेइमान आहे! लाईन माझी गेली, तुमची नाही. मग तिने काम का टाकलं?”

ते शांतपणे म्हणाले, “ताई, काहून चिडून राहिल्या? मशीन बेइमान नाई. तुमी न सांगता निघून गेल्या. तिले वाटलं, तुमी गेल्याच.”

“गेल्याच म्हणजे?”

“म्हंजे वारल्या. तार तुटली का मशीन तुमच्या सगळ्या प्रोग्रामले निरोप धाडते. मालकीण गेली, आता आवरा. थे बिचारे आवरतेत.”

मी फोनवरच हसले. वारल्या म्हणे!

मग त्यांनी मला शिकवलं. पहिल्यांदा एक शब्द दिला, नोहप. कामाचं नाव लिहायच्या आधी तो लिहायचा. “नोहप म्हंजे प्रोग्रामच्या कानात बोळे,” भाऊ म्हणाले. “मेल्याचा निरोप आला तरी त्याले आयकूच येत नाई. थो आपलं काम करत राह्यते.” खरंच राहिला. पण त्यात एक अडचण होती. काम चालू राहायचं, पण परत येऊन त्याच्या शेजारी बसता येत नव्हतं. फार तर त्याने काय लिहून ठेवलं ते वाचता यायचं. मी परत कुरकुर केली. मला कुरकुर येते चांगली.

तेव्हा त्यांनी दुसरी सोय दिली. तिचं नाव टीमक्स. मशीनच्या आत एक खोली उघडायची. काम त्या खोलीत बसवायचं. आपण खोलीत यायचं, काम पाहायचं, परत बाहेर पडायचं. आपण नसलो तरी खोली तशीच, आतलं काम तसंच. उद्या या, परवा या, अमरावतीहून या नाहीतर चांदूर बाजारहून या, दार उघडा आणि जिथे सोडलं तिथून पुढे चला. बाहेर पडायला एक खूण असते. कंट्रोल धरून बी दाबायचा, मग सोडून डी.

मी विचारलं, “आणि डी दाबायच्या आधीच लाईन गेली तर?”

“तरी खोली राह्यते.”

“मग दाबायचा कशाला? मशीनला काय फरक पडतो?”

त्यावर ते म्हणाले, “मशीनले नाई पडत. पन सवय चांगली नाई थे. निघताना सांगून निघा लागते. आपन जातो म्हनतो का? येतो म्हनतो. डी म्हंजे येतो.”

खोलीला काहीतरी नाव द्यावं लागतं. भाऊंनी आपल्या खोलीचं नाव तेच ठेवलं होतं. येतो. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, पण येतो. त्यामुळे ते बाहेर पडले की पडद्यावर एक ओळ उमटायची. डिटॅच्ड, आणि पुढे खोलीचं नाव. सुटला, येतो. मला मोठी गंमत वाटायची.

ही सवय त्यांना ज्यांनी लावली, त्या इथेच बसल्या आहेत. वहिनी, तुम्ही. लग्न नवीन असताना भाऊ एकदा दारातून “जातो” म्हणाले, तर तुम्ही हात धरून त्यांना परत आत आणलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं, आणि “येतो” म्हणवून घेतल्यावरच सोडलं. गाडी चुकली त्या दिवशी. हे त्यांनीच मला सांगितलं, कौतुकाने. म्हणाले, “ताई, मी शकुन-अपशकुन काई मानत नाई. पन येतो हे जानाऱ्यासाठी नसते. मांगं राह्यनाऱ्यासाठी असते.”

वहिनी, भाऊ गेले त्या आठवड्यात मी तुम्हाला भेटायला आले. तुम्ही माझा हात धरला आणि एकच वाक्य म्हणालात. “ताई, थे न सांगता गेले वो.” त्या सकाळी तुम्ही वर गच्चीवर कुरड्या घालत होतात. त्यांची गाडीची वेळ झाली. खालून त्यांनी हाक मारली की नाही, तुम्हाला माहीत नाही. तुम्ही खाली आलात तर चप्पल नव्हती. आणि संध्याकाळी अकोला स्टेशनच्या फलाटावर, घरी यायच्या गाडीची वाट बघता बघता ते कोसळले. तुम्ही म्हणालात, “इतक्या वर्षांत एक दिवस चुकला नाई. अन् नेमका तोच दिवस.”

जिच्या घरात मागे राहणारं कुणी नाही, तिने तुम्हाला तेव्हा काय सांगायचं?

नंतर अकोल्याहून कॉलेजचा फोन आला. नवीन मशीन येणार आहे, जुनी बंद करायची आहे, तुमचं काही काम तिच्यात असेल तर काढून घ्या. मी घरी बसून काढू शकले असते. पण गेले. बडनेऱ्याहून गाडी पकडली. मध्ये मूर्तिजापूर आलं तेव्हा खिडकीतून उगाच बाहेर पाहिलं.

भाऊंची ऑफिसातली खोली तशीच होती. टेबलावर पाण्याची बाटली. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल. त्यांचा कॉम्प्युटर कुणी बंद केला नव्हता, नुसता पडदा काळा झाला होता. मी माउस हलवला.

पडद्यावर शेवटची ओळ होती. सुटला, येतो.

वहिनी, ऐकताय ना? त्या संध्याकाळी स्टेशनला निघताना त्यांनी डी दाबला होता. न सांगता गेले नाहीत ते.

मला माहीत आहे, तुम्ही आता मनात काय म्हणताय. मी तुम्हाला ओळखते. “मशीनले म्हनलं, मले कुठी म्हनलं?” हेच ना? मलाही गाडीत हेच वाटत होतं. पण थांबा. पुढचंही मी फोनवर सांगितलं नाही. ते तुमच्या समोर उभं राहूनच सांगायचं होतं.

मी मशीनमधली ती ‘येतो’ नावाची खोली उघडली. म्हटलं, यांनी आत चालू काय ठेवलंय? मला वाटलं कॉलेजचं काही असेल. आत पडद्याचे दोन भाग केलेले होते, आणि दोन्हीकडे एक छोटंसं काम चाललेलं होतं. अजून. ते वारून इतके दिवस झाले, तरी ते चाललेलंच होतं. डाव्या बाजूचं काम दर थोड्या वेळाने अमरावतीत एका घरी विचारत होतं, आहे का? आणि त्या घरातला इंटरनेटचा डबा उत्तर देत होता, आहे. आहे का? आहे. आहे का? आहे. ओळीखाली ओळ.

ते घर माझं होतं.

इतकी वर्षं मला कोडं होतं. माझ्या घरची लाईन गेली की थोड्याच वेळात भाऊंचा फोन यायचा. “ताई, लाईन गेली का तिकडं?” मी विचारायचे, तुम्हाला कसं कळतं? म्हणायचे, “अमरावतीची हवा सांगते मले.” हवा कसली, डब्याचं उत्तर बंद पडलं की कळायचं त्यांना. एका उन्हाळ्यात भर दुपारी माझ्या एकटीच्याच घरची लाईन गेली होती. पंखा बंद, आणि मला भोवळ येत होती. फोन आला. “शेजाऱ्याइची हाये का? मंग उठा, त्याइच्याकडं जाऊन बसा. उठा म्हनतो ना!” अक्षरशः रागावून उठवलं मला त्यांनी. त्या दिवशी मी उठले नसते, तर आज इथे बोलायला नसते.

मी एकटी राहते. सकाळी दार उघडते, रात्री लावते, मधे कुणी विचारत नाही. मला वाटायचं, कुणालाच माहीत नाही मी आहे की नाही. आणि अकोल्यात एक मशीन दिवसभर विचारत होती, आहे का?

उजवीकडे काय होतं, वहिनी? उजवीकडे तुमचं घर होतं. मूर्तिजापूर. आहे का? आहे. आहे का? आहे.

आठवतं ना? ऑफिसातून त्यांचा फोन यायचा, “लाईन गेली ना? मोटर बंद करून ठेव, आली का एकदम चालू होईन.” तुम्ही म्हणायचात, यांना समोरच्या बाई चुगली करतात! समोरच्या बाई आज आल्या असतील तर त्यांची मी भाऊंच्या वतीने माफी मागते. त्यांनी काही केलेलं नाही.

तर त्या संध्याकाळी त्या माणसाने काय केलं? तुमच्याकडे विचारत राहणारं काम चालू ठेवलं. आपण नसलो तरी चालत राहील असं ठेवलं. आणि येतो म्हणून तुमच्याकडेच यायला निघाले. वहिनी, तो येतो मशीनला नव्हता. सकाळी राहिलेला होता तो. असं मी मानते. माझ्याकडे पुरावा नाही. जन्मभर पुरावा मागितला मी लोकांना, आज नाही देत.

त्यांच्या खोलीतून निघताना मीही डी दाबला. काम बंद करायला हात धजला नाही. पण मशीन आता जाणारच आहे. येत्या आठवड्यात तिची वायर काढतील. मग कानात बोळे घालून उपयोग नाही, खोली करून उपयोग नाही. सगळंच थांबेल. परवा लेक सोनल हैदराबादला परत जाईल. घरात वहिनी एकट्या असतील, डबा एकटाच मिणमिणत असेल, आणि त्याला कुणी विचारणार नाही, आहे का?

म्हणून माझं एक मागणं आहे. आपल्याकडे मयताच्या घरून निघताना कुणी येतो म्हणत नाही. गुपचूप उठायचं, पायांत चपला घालायच्या, मागे न बघता निघायचं. असल्या कामासाठी परत यायला लागू नये म्हणून. रीत आहे, मला ठाऊक आहे. मीही जन्मभर पाळली. पण भाऊ काय म्हणाले होते? न सांगता निघालं की मागच्याला वाटतं, गेलेच. सगळे मिळून गुपचूप निघालो, तर या बाईला काय वाटेल?

आता आपण उभं राहू. थोडा वेळ कुणी काही बोलू नये. मनोहरभाऊंना मनातल्या मनात काय सांगायचं ते सांगा.

आणि मग एकेक करून वहिनींच्या समोरून जा. त्यांच्याकडे बघा. रीत मोडा, आणि म्हणा, येतो.

आणि या.

वहिनी, सुरुवात मी करते. पुढच्या रविवारी. बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीने.

येते.