बदक म्हणजे स्वयंपाकघर

ती: बदक.

तो: आणि हे?

ती: म्हातारा खाकरतोय.

तो: हे?

ती: कुणीतरी कागद फाडला. हळूच, चोरून.

तो: आता?

ती: परत बदक. फसवू नका.

(रिकामं जुनं घर. ती मधल्या खोलीत डोळे मिटून उभी. तो एकेक दार उघडत फिरतोय. एजंट किल्ल्या घेऊन उंबऱ्यात.)

एजंट: काकू, दारं कुरकुरतात म्हणून घर नाकारू नका. सुतार लावून सगळी गप्प करून देतो.

ती: अजिबात नको. बदक म्हणजे स्वयंपाकघर. म्हातारा म्हणजे झोपायची खोली, कागद म्हणजे गॅलरी. निम्मं घर पाठ झालं की माझं.

एजंट: घर कशाला पाठ करायचं?

तो: तिची नजर जातेय. डॉक्टर म्हणाले, आता थांबवता येणार नाही. दिसतंय तोवर घर घ्यायचं, म्हणजे ओळखीचं होईल. म्हणून तर मी म्हणतोय, आम्ही पाहिलेलं ते नवं घर घेऊ. लिफ्ट आहे, फरशी एका पातळीत, पायाला काही लागत नाही.

ती: आणि सगळी दारं मुकी. उघडली तरी मुकी, लावली तरी मुकी. तिथे मी हरवेन हो.

तो: इथे पडशील. लेक फोनवर काय म्हणाली? इथे खोलीखोलीला पायरी, आई पडली तर धावणार कोण?

ती: मी तिला म्हटलं, पडले तर निदान कुठे पडले ते सांगता येईल.

तो: (एजंटला) हसू नका हो तुम्ही. तिला चेव येतो.

ती: मला प्रत्येक वेळी विचारायचं नाहीये, मी कुठे उभी आहे म्हणून. पाणी प्यायलासुद्धा तुम्हाला हाक मारायची का? तुम्ही धावत याल, माहितेय मला. त्याचीच तर भीती वाटते.

तो: बरं.

ती: बरं काय? राहिलेलं दार उघडा. बाथरूमचं.

तो: उघडलं. लावलंसुद्धा.

ती: मला काहीच ऐकू आलं नाही. मघाशी आलो तेव्हा तर मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं ओरडलं होतं. अहो, खिशात काय आहे तुमच्या?

तो: तेलाची कुपी.

ती: अहो.

तो: जन्मभर शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. कुरकुर कानावर आली की हात आपोआप जातो. तू यांच्याशी बोलत होतीस, तेवढ्यात दोन थेंब सोडले.

एजंट: काका, लोक घर बघायला येतात. तुम्ही सर्व्हिसिंगच काढलंत.

ती: आणखी कुठल्या दाराला हात लावलात?

तो: कुठल्याच नाही. बदकाकडे निघालो होतो.

ती: कुपी इकडे द्या.

तो: घे. रागावलीस?

ती: नाही. जे बोलत नाही ते बाथरूम. राहील लक्षात. पण तुम्ही अजून हो म्हणाला नाहीत.

तो: पायऱ्यांना कठडे लावून घेऊ. दोन्ही बाजूंनी.

ती: म्हणजे हो?

तो: काल मी एकटाच त्या नव्या घरात जाऊन आलो. डोळे मिटून फिरलो. बाहेरचं दार सापडेना, शेवटी वॉचमनला हाक मारली.