ट्रेव्हर जेवायला येतोय

— नाही रे राजा, बस, बस. त्या मुलीनं तुला इथं बसवलंय ना, मग बस. रविवारचं असंच असतं, सगळी टेबलं भरलेली. या दोन खुर्च्या तेवढ्या मी धरून ठेवल्यात, तिकडं कोट नको टाकूस. दोघं यायचीत, बाप आणि मुलगी. एक वाजता येतो म्हणाली होती मुलगी, आता दहा मिनिटं वर झालीत — ब्रिडलिंग्टनहून गाडीनं यायचं म्हणजे रस्त्यात काही ना काही होतंच — तू काय मागवलंस? बीफ? बरं केलंस. मी अजून काही सांगितलं नाही. सकाळपासून नुसता चहा पितेय. ते आले की मागवीन, त्यांच्यासमोर रिकामी कशी बसणार.

छान केलंय म्हणतोस? केलंय की, नाही कोण म्हणतंय. खिडक्या मोठ्या केल्या, भिंतींना हा कसला तो शेवाळी रंग दिला — पूर्वी सगळं तपकिरी होतं, आणि गालिचा असा की बूट चिकटायचे. चार वर्षं फळ्या ठोकून बंद होतं हे. बसमधून जाताना मी मान फिरवून बसायचे. मग हे दोघं आले लीड्सचे, टोबी आणि फ्रेया — वयानं लहान आहेत, पण कामाची आहेत हो, स्वतः भिंती खरवडल्या. 'थ्री शटल्स' हे नाव बदललं नाही, त्याबद्दल मी मुद्दाम जाऊन शाबासकी दिली त्यांना. गिरण्या गेल्या, माग गेले, निदान पाटीवर तरी तीन धोटे राहू देत. मटारचं मात्र हसू येतं मला. आमच्या वेळी मटार म्हणजे मटार, शिजून गाळ झालेले, वर व्हिनेगर. आता लिहिलंय बघ काय — 'बागेतले कुस्करलेले मटार, पुदिन्यासह'. कुठली बाग? मागं गाड्या लावायची जागा आहे.

आमच्या वेळी म्हणजे — अरे, मी एकोणीस वर्षं इथं बारमागं उभी होते. डोरीन. गावात कुणालाही विचार. पब ट्रेव्हर हेगचा. त्याचा आणि ग्लेंडाचा, ग्लेंडा त्याची बायको. बार त्याचा, स्वयंपाकघर तिचं, आणि मी मधे. ग्लेंडा पाई करायची, मटण भरून भाजलेल्या, वर मैद्याचा जाड पापुद्रा — लोक पलीकडच्या दरीतून यायचे. माझ्या नवऱ्यानं घर सोडलं तेव्हा तिनं काही विचारलं नाही, रोज संध्याकाळी एक पाई फडक्यात बांधून माझ्या पिशवीत ठेवायची. सहा महिने. एका शब्दानं बोलली नाही. अशी बाई.

तो आला का रे? तू दाराकडं तोंड करून बसलायस. लाल गाडी आहे जॅनिसची — जॅनिस त्याची मुलगी, आता तिच्याकडंच असतो तो. नाही? बरं.

ग्लेंडा गेली. पाच वर्षं झाली. इथंच पडली. तेव्हा बार इथं होता, आपण बसलोय तिथं, आणि बारमागं जमिनीत तळघराची झडप होती — लाकडी, कडी लावलेली, बिअरची पिंपं खाली असतात ना. टोबीनं ती बुजवली, वरून फरशी घातली, तळघराला मागून जिना काढला. शहाणा मुलगा. मगाशी आल्या आल्या मी जागा शोधत होते — खिडकीपासून मोजलं, भिंतीतल्या शेकोटीपासून मोजलं — तुझ्या खुर्चीच्या आसपास असणार. अरे, पाय काय उचलतोस! पक्की फरशी आहे.

शनिवार होता. दुपारी मॅच, सगळा पब पडद्याकडं तोंड करून. ग्लेंडा पाईंचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून आली, ट्रेपुढं पायाखालचं दिसलं नाही, आणि झडप उघडी. अकरा पायऱ्या, दगडी. तीन दिवस दवाखान्यात होती, शुद्धीवर आलीच नाही. मग चौकशी झाली, कोर्टासारखीच, शपथ वगैरे. ट्रेव्हर उभा राहिला आणि म्हणाला, मॅचच्या आधी लेमोनेडच्या पेट्या आणायला मी खाली उतरलो होतो, झडप मीच उघडी ठेवली असणार. दुसरं कुणी नाही. अपघात म्हणून निकाल लागला, शिक्षा कुणालाच नाही. पण त्यानं स्वतःला केली. जेवण तुटलं त्याचं. पब विकला. जॅनिस म्हणते, अजूनही आंघोळीला गेला की पाणी बंद केलं का, दार लावलं का, तीनतीनदा विचारतो. आणि आता टोबीनं आमंत्रण धाडलं, तर म्हणाला, डोरीन असेल तर येतो. जॅनिसनं मला चिठ्ठी लिहिली. बाबांना ती जागा एकदा बघायचीय म्हणे. ग्लेंडाची माफी मागायचीय.

माफी! त्यानं!

नाही, काही नाही. ते पाणी दे जरा इकडं.

मलाही विचारलं होतं त्या दिवशी. काय विचारायचं ते सगळं विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही. कसं आठवेल? गर्दी, गडबड — असं काय बघतोस? तू कोण, कुठला, जेवून गाडीत बसशील आणि जाशील. तुला सांगितलं काय, न सांगितलं काय. पेट्या घेऊन ट्रेव्हर वर आला, झडप लावली आणि मागच्या अंगणात गेला. लावली त्यानं. कडीचा आवाज ऐकलाय मी. मग बिटर बिअरचं पिंप संपलं. मी उतरले, पिंप बदललं, वर आले — हात पुसत होते, वाकणारच होते झडपेला — तेवढ्यात त्यानं अंगणातून हाक मारली. 'डोरीन, ये लवकर, गंमत बघ.' गेले मी. हातातलं फडकंसुद्धा ठेवलं नाही. शेडच्या वळचणीला पाकोळ्यांनी घरटं केलं होतं, चार चोची बाहेर, आणि आम्ही दोघं माना वर करून उभे — दोन मिनिटं, फार तर तीन. तो हसत होता. मी... मी पाकोळ्या बघत नव्हते रे राजा.

झालं काहीच नव्हतं. कधीच नाही. बोटाला बोट लागलं नाही एकोणीस वर्षांत, आणि त्याला तर कल्पनाही नव्हती. पण मला होती ना. चौकशीत म्हणायचं तरी काय — झडप का लावली नाही? त्यानं हाक मारली म्हणून. एवढं काय होतं त्या हाकेत? सगळं गाव बसलं होतं तिथं, जॅनिस पुढच्या रांगेत. म्हटलं, आठवत नाही. वाटलं, आज राहू दे, उद्या त्याला एकट्याला सांगू. उद्या ग्लेंडाला पुरायचं होतं. परवा तो बोलण्याच्या अवस्थेत नव्हता. मग फळ्या ठोकल्या.

आले. आले ते. काठी घेतलीय त्यानं, बघ — केवढा वाळलाय — तू उठू नकोस! बस. परकं माणूस समोर असलं की मी रडायची नाही. बस म्हणते ना.

ये, ट्रेव्हर. जॅनिस, ये गं. हा — हा इथं जेवायला आलाय, जागा नव्हती. बस तू, ही खुर्ची घे. दमलास? रस्ता बरा होता? हो, छान केलंय की नाही, मी तेच म्हणत होते... इथंच. हो, साधारण इथंच होती. नाही ट्रेव्हर, खाली वाकू नकोस. ऐक माझं. टोपी कशाला काढतोस, घाल डोक्यावर आणि ऐक. तू लावली होतीस झडप. लावली होतीस. तुझ्यामागनं मी उतरले पिंप बदलायला. मी उघडी टाकली. तू हाक मारलीस आणि मी तशीच आले.

हो. मी.

हो, तेव्हाही माहीत होतं. पहिल्या मिनिटापासून. जॅनिस, काय बोलायचं ते बोल मला, मोठ्यानं बोल, ऐकू देत सगळ्यांना — पण त्याचा हात धर आधी.

राजा, तू जा आता. तुझी ताटली आली की तिकडं बारवर घे. जा रे. — ट्रेव्हर? ट्रेव्हर, माझ्याकडं बघ तरी.