निमिषाच्या मागे निमिष

मंडळी, एक प्रश्न विचारते. उत्तराची घाई करू नका. धाकट्याने थोरल्याच्या पुढे पाऊल टाकावे का?

नाही म्हणालात! माना किती चटकन हलल्या! मग हे पद ऐका —

थोर चाले पुढे, धाकुटा मागे राहे ।
हाक देणारा मात्र, कोणाची वाट पाहे? ॥

अलीकडे चष्मा लावून मी चित्रकथा चाळल्या. हसताय काय? जिज्ञासेला वय नसते! त्यांत वाऱ्याच्या वेगाने धावणारे वीर असतात आणि नवल असे, की एकच नाव तिघे-चौघे लावतात. एक थकला की दुसरा त्याच नावाने उभा! आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, तेव्हा याचे मला कौतुकच वाटले. पण मनात कुतूहल शिरले : पहिला अजून धावतो आहे आणि दुसराही त्याच नावाचा आहे, तर हाकेला 'ओ' कोणी द्यायची? म्हणून आज तसलेच एक आख्यान मी स्वतः रचून आणले आहे.

करंजमाळ नावाचे गाव. वर डोंगरात दगडाची खाण, पायथ्याशी वस्ती. वस्तीत तीन वीर राहतात, आणि तिघांचेही नाव निमिष! थोरला निमिष म्हणजे त्र्यंबकराव ओगले, सारे त्यांना तात्या म्हणतात. मधला त्यांचा शिष्य हरिहर. धाकटी हरिहरची पुतणी इरावती. तिघांच्या अंगात तोच पिवळा सदरा.

तात्यांचे वय झाले, तरी घोड्याला मागे टाकतील. हरिहरचा वेग तात्यांच्या दुप्पट. आणि इरावती? तिचा वेग काय सांगू! दूध उतू जाताना दिसले, तर ही विहिरीवरून पाणी आणून हात धुवील, मग पातेले उतरवील!

आता मला सांगा, इतक्या वेगाच्या माणसाला जग कसे दिसत असेल? समोरच्याला शिंक आली, तर ती संपेपर्यंत हिची संध्याकाळ होत असेल! आणि अशा मुलीने तात्यांच्या मागे चालायचे. कारण हरिहरची शिकवण — "तात्यांच्या पुढं पाऊल टाकायचं नाही." पळण्याहून कठीण काही असेल तर ते हेच हो!

एके दुपारी खाणीत सुरुंग लावला. भोंगा झाला, माणसे वर आली. तान्हूबाई नावाची मजुरीण मात्र भाकरीचे फडके राहिले म्हणून खाली उतरली, आणि तिचा पाय दोन दगडांत अडकला. इकडे वात पेटलेली! तिचा नवरा कड्यावरून ओरडला —

"निमिषा! धाव रे! माझी बाई खाली ऱ्हायली!"

हरिहर म्हणाला, "तात्या, निघायचं?"

"निघायचं म्हणजे? मी निघालोच!" — तात्या अजून दुसरी चप्पल शोधताहेत!

निघाले एकदाचे. पुढे तात्या, मागे हरिहर, त्याच्या मागे इरावती.

"काका, मी जाऊ पुढं?"

"गप! तात्या पुढं आहेत."

"तात्या पुढं आहेत म्हणूनच विचारते!"

"मोठ्यांचा मान ठेवायला शीक जरा."

"आणि त्या बाईचा जीव कोण ठेवणार, काका?"

तात्या थबकले. मंडळी, का थबकले? ऐका! जो जिवाच्या आकांताने धावतो, त्याला बोलायला श्वास उरतो का? तात्यांची छाती भात्यासारखी हलते आहे, आणि ही दोघे मागे निवांत वाद घालताहेत!

"हरिहर, बोलायला दम कुठून आणलास?"

हरिहरची मान खाली.

"किती वर्षं हळू पळतोयस माझ्यामागं?"

"तुमचा मान राहावा म्हणून, तात्या..."

"वात जळतेय आणि तू मान राखतोस? हो पुढं!"

हरिहरने हात जोडले. "तुमच्या देखत? तुमचंच नाव लावून? पाय उचलत नाही हो!"

वरून पुन्हा हाक आली — "निमिषाऽऽ!"

तात्यांनी अंगातला पिवळा सदरा काढला. ज्या सदऱ्यासाठी गाव वाट सोडायचे, तो सदरा! आणि म्हणाले, "तो निमिषाला बोलावतोय. मी निमिष नव्हे. मी त्र्यंबक ओगले, पेन्शनीतला माणूस. माझ्यासाठी कोण थांब—"

वाक्य पुरे व्हायच्या आत इरावती दिसेनाशी झाली!

डोंगर हादरला. धूळ उठली. आणि त्या धुळीतून तान्हूबाईला पाठीवर घेऊन पोरगी खाली आली. बाईच्या घोट्यातून रक्त येत होते, पण तोंड शाबूत होते!

"एवढा येळ लागतो व्हय निमिषाला? वात पार दगडात शिरली की! म्या देवाला सांगून बसले, येते म्हनून!"

इरावतीने तिला अलगद खाली बसवले. उघड्या अंगाचे तात्या ताठ उभे राहिले.

"उशीर हिनं नाही केला, बाई. मी केला. निमिष ही आहे."

मंडळी, आता तुमच्याकडे वळते. मागच्या रांगेतल्या सुनांनो, लेकांनो, तुम्ही मुद्दाम मागे राहून जो मान देता, तो फुकटचा नसतो. त्याचे मोल कड्याखाली अडकलेली तान्हूबाई देते! मान द्यायचा तर खरे बोलून द्या. आणि पुढच्या रांगेतल्या थोरांनो, माझ्याच वयाच्या माणसांनो, मी वडीलकी सोडा म्हणत नाही. मी कधी सोडली नाही, सोडणारही नाही! पण वडीलकी म्हणजे वाट अडवून उभे राहणे नव्हे. तात्या सर्वांत थोर कधी दिसले? धावताना? की थांबताना?

टाळ्या नकोत. देवाला हात जोडा आणि उठा. त्या दारातून बाहेर पडताना आज धाकट्यांना आधी जाऊ द्या. मी इथेच उभी राहून बघणार आहे!