उसनं गेलेलं संग्रहालय

थांबा, अध्यक्षमहोदय, जरा डावीकडे सरकून बसा. त्या खुर्चीचा मागचा पाय हलतो. फाउंड्रीच्या मुकादमाची खुर्ची आहे ती, आपल्या संग्रहालयातली. आजच्या समारंभासाठी उसनी आणली आहे.

हां. आता रीतसर सुरुवात करतो. आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, गल्लीतले सगळे थोरलेधाकटे, आणि आज संग्रहालयाची किल्ली सोपवून निवृत्त होणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती, म्हणजे आमच्या वहिनी.

मी त्यांचा धाकटा दीर. तेव्हा थोडं कौतुक घरचं म्हणून सोडून द्या. बाकीचं खरं आहे.

आपली ओतकामाची फाउंड्री बंद पडली, तेव्हा आपल्याकडे काय उरलं? एक धुराडं आणि घराघरांतलं सामान. वहिनी दारोदार फिरल्या. कुणी कॅन्टीनचं पातेलं दिलं, कुणी बाक, कुणी शिडी. जुन्या हजेरीच्या खोलीत संग्रहालय उभं राहिलं. पण देणारा प्रत्येक जण विचारायचा, लागलं तर मिळेल ना? वहिनी म्हणायच्या, न्या, वापरा, घासून परत आणा. मी म्हणालो, वहिनी, जगात कुठलं संग्रहालय वस्तू उसन्या देतं?

"मग त्यांना शेजारी नसतील," त्या म्हणाल्या.



पुढे जागेच्या मालकांना तिथे गोदाम हवंसं झालं. संग्रहालय नुसतं नावाला आहे, अशी तक्रार त्यांनी नगरपालिकेत केली. नगरपालिकेचे साहेब मालकांना घेऊन, न कळवता तपासणीला आले. आज ते व्यासपीठावर आहेत, त्यांच्यादेखतच सांगतो. त्यांनी दार ढकललं. आत काय? भिंती, खिळे आणि एक स्टूल. त्या दिवशी वेल्डरच्या मुलीचं लग्न होतं. सगळं संग्रहालय लग्नाला गेलेलं. मालक म्हणाले, छान, खिळ्यांचं संग्रहालय आहे.  वहिनींनी शांतपणे कुलूप लावलं.

"चला साहेब, संग्रहालय पुढच्या गल्लीत आहे."

साहेब कॅन्टीनच्या बाकावर जेवायला बसले. शेजारच्या म्हाताऱ्या भट्टीवाल्याने बाकावरची जळकी खूण दाखवली, ती कशी पडली ते सांगितलं. समोरच्या आजींनी तो थापा मारतोय असं सांगून स्वतःची हकीकत ऐकवली. पातेल्यापाशी तिसरी निघाली. मालकही जेवले. लग्नातून उपाशी कोण जातो? निघताना साहेब एवढंच म्हणाले, "काचेआड असतं, तर यातलं मला कुणी काही सांगितलं असतं का?"

साहेबांनी तसाच अहवाल दिला आणि जागा आपल्याला मिळाली. कायमची. टाळ्या मला नकोत, वहिनींसाठी वाजवा.

एक राहिलं. त्या दिवशी एकटंच मागे राहिलेलं ते स्टूल माझ्या दादाचं. साचे भरताना तो त्यावर बसायचा. दादा गेल्यावर वहिनींनी ते संग्रहालयाला दिलं. रोज पुसलं, पण एकदाही घरी नेलं नाही. का, तर वहिनी म्हणतात, किल्ली माझ्याकडे. मीच माझ्याकडे उसनं कसं मागू? आजपासून किल्ली त्यांच्या सुनेकडे आहे. बाकी मी काही म्हणत नाही.

तुम्ही वेळ दिलात, ऐकून घेतलंत, उपकार आहेत. दिराची जीभ कुठे सैल सुटली असेल, तर वहिनींकडे बघून पोटात घाला. आणि अध्यक्षमहोदय, उठताना सावकाश.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी मुकादमाची खुर्ची परत केली. मग दाराशी थांबून स्टूल उसनं मागितलं. सुनेने ते पुसून दिलं.