शिवणीत सोडलेलं कापड

जून महिना. मालवणच्या एसटी स्टँडवर माझ्या पाठच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर लेसचा लहानसा फ्रॉक होता आणि ती त्याची शिवण उसवत होती.

“फिलोमिना, चांगलो फ्रॉक उसवतंस कित्याक गो?”

“नाताळाक नातीक देवचो आसा, यशोदा. आताच हातात घेतलो की सावकाश होता.”

“बाजारात नवो गावता मगे.”

“नवो कित्याक? शिवतानाच शिवणीत कापड सोडून ठेवलंय. दरवर्सा उसवूचो, थोडो वाढवूचो. खर्च फक्त दोऱ्याचो.”

“शाणी आसस! म्हणजे नात दरवर्सा ह्योच फ्रॉक घालता?”

“एकदाय घालूक नाय. माझो झील फोनार सांगता, ‘आये, पाठवू नको, घरात शिवलेलो ती घालूची नाय.’ आणि नाताळाक हय येतत खंय?”

“मगे वाढवतंस कोणाच्या मापान?”

“शेजारच्या रोझलिनच्या चेडवाच्या अंगार घालून बघतंय. दोघांय एकाच वयाची.”

“अगो, मगे त्या चेडवाकच देवन टाक!”

“कित्याक? त्याका त्याची आजी शिवता. आणि यंदा शिवणीतला कापड संपला. ह्या नाताळाकय येवक नाय, तर ह्याच फ्रॉकान लादी पुसतलंय.”